आईन्स्टाईनच्या नोबेलचे पैसे मुलाच्या आजारपणात गेले, पण त्या मुलाच्या आईचं काय झालं?

दर काही महिन्यांनी एक पोस्ट आपल्या मोबाईलवर फिरत फिरत येते. सापेक्षतावाद खरं तर आईन्स्टाईनच्या बायकोने मांडला आणि त्याने श्रेय लाटलं, अशी. खाली कमेंटचा पाऊस पडतो. निम्मे म्हणतात खरं आहे, निम्मे म्हणतात पुरावा दाखवा. दोन दिवस भांडण रंगतं आणि मग सगळे विसरून जातात.

त्या बायकोचं नाव मिलेव्हा मारिच.

वादाचं आधी थोडक्यात सांगून टाकू. लग्नाआधीच्या पत्रांमध्ये आईन्स्टाईनने काही ठिकाणी आपल्या दोघांचं काम अशा अर्थाने लिहिलं होतं, त्यावरून हा विषय निघाला. पण मिलेव्हाने सिद्धांतात नेमकी काय भर घातली हे दाखवणारा कागद आजवर सापडलेला नाही, आणि बहुतेक इतिहासकार तिला सहलेखिका मानत नाहीत. म्हणजे घरात एक भौतिकशास्त्र शिकलेली, सगळं समजणारी जोडीदार होती हे नक्की, त्यापुढचं सिद्ध झालेलं नाही.

पण या भांडणात एक गोष्ट कायम राहून जाते.

सापेक्षतावादावरचा पहिला शोधनिबंध आला १९०५ साली. मिलेव्हा त्यानंतर ४३ वर्षं जगली. त्यातली शेवटची जवळपास १८ वर्षं तिने स्किझोफ्रेनिया झालेल्या धाकट्या मुलाला सांभाळण्यात घालवली. पैसा, घरं, तब्येत, झोप, सगळं त्यात गेलं. ज्यांच्या घरात मुलाला मानसिक आजार आहे त्या आईवडिलांना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल.

म्हणून आज सापेक्षतावाद बाजूला ठेवू आणि मिलेव्हाची उरलेली गोष्ट बघू.

वर्गातली एकटी मुलगी

मिलेव्हाचा जन्म १९ डिसेंबर १८७५ चा. गाव टिटेल. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज सर्बियात आहे. वडील मिलोश सरकारी नोकरीत, घरची परिस्थिती चांगली. तीन भावंडांत ती थोरली, मग बहीण झोर्का आणि भाऊ मिलोश.

मिलेव्हाच्या कमरेच्या सांध्यात जन्मापासून दोष होता, त्यामुळे ती आयुष्यभर लंगडत चालली. पण डोकं विलक्षण. त्या काळी तिथल्या मुलींना मुलांच्या बरोबरीने भौतिकशास्त्र शिकायची सोय नव्हती. मिलेव्हाला झाग्रेबच्या शाळेत खास परवानगी काढून मुलांच्या वर्गात बसवण्यात आलं.

पुढच्या शिक्षणासाठी ती १८९४ मध्ये स्वित्झर्लंडला गेली. १८९६ मध्ये थोडे दिवस वैद्यकीय शिक्षण घेऊन पाहिलं आणि मग झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला. तुकडीत ती एकटीच मुलगी. त्याच तुकडीत तिच्यापेक्षा तीन वर्षांहून जास्त लहान असलेला एक मुलगा होता, अल्बर्ट आईन्स्टाईन.

दोघं एकत्र अभ्यास करायला लागले, प्रेमात पडले. १९०० च्या अंतिम परीक्षेत आईन्स्टाईन पास झाला, मिलेव्हा गणितात मागे पडून नापास झाली. १९०१ मध्ये ती पुन्हा बसली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. लग्न झालेलं नव्हतं, आईन्स्टाईनकडे नोकरी नव्हती, त्याच्या घरच्यांना ही मुलगी मान्य नव्हती. ती पुन्हा नापास झाली. पदवी कायमची हुकली.

जानेवारी १९०२ मध्ये माहेरी तिने मुलीला जन्म दिला. तिला लाडाने लीझर्ल म्हणायचे. या मुलीचं पुढे काय झालं हे आजपर्यंत कुणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही. १९०३ मध्ये तिला स्कार्लेट फिव्हर झाल्याचा उल्लेख पत्रात आहे, त्यानंतर तिचा माग लागत नाही. अशी एक मुलगी होती हेच जगाला १९८० च्या दशकात जुनी पत्रं उजेडात आली तेव्हा कळलं.

म्हणजे धाकट्या मुलाच्या आजारपणाच्या कितीतरी आधी ही बाई एक मूल गमावून बसली होती, आणि त्याबद्दल कुणाशी उघड बोलायचीही सोय नव्हती.

संसार उभा राहिला आणि मोडला

६ जानेवारी १९०३ रोजी दोघांचं बर्नमध्ये लग्न झालं. आईन्स्टाईनला पेटंट कार्यालयात नोकरी लागली होती. १९०४ मध्ये थोरला मुलगा हान्स अल्बर्ट झाला. २८ जुलै १९१० रोजी झुरिचमध्ये धाकटा एडुआर्ड. घरात त्याला टेटे म्हणायचे.

आईन्स्टाईनचं नाव वाढत गेलं तशी शहरं बदलत गेली. झुरिच, मग प्राग, पुन्हा झुरिच आणि १९१४ मध्ये बर्लिन. तोवर आईन्स्टाईनचे बर्लिनमधल्या चुलत-मावस नात्यातल्या एल्साशी संबंध जुळले होते. बर्लिनला गेल्यावर काही महिन्यांतच संसार मोडला. १९१४ च्या जुलैअखेर मिलेव्हा दोन्ही मुलांना घेऊन झुरिचला परतली. पाठोपाठ पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आईन्स्टाईनने वर्षाला ५६०० मार्क पाठवायचं कबूल केलं होतं. पण युद्धात जर्मन मार्कची किंमत घसरत गेली आणि झुरिचमध्ये खर्च स्विस फ्रँकमध्ये करावा लागायचा. त्यामुळे हातात पडणारे पैसे कमी कमी होत गेले. मिलेव्हा शिकवण्या घ्यायची, गणिताच्या आणि पियानोच्या.

१९१६ मध्ये आईन्स्टाईनने घटस्फोटाची मागणी केली आणि मिलेव्हा कोसळली. हृदयाचा त्रास, अंथरूण, दवाखाने, असं ते दुखणं लांबत गेलं. त्या काळात हान्स अल्बर्टला आईन्स्टाईनचे मित्र डॉ. झँगर यांच्या घरी राहावं लागलं. छोट्या टेटेची फुप्फुसं नाजूक होती, त्याला आरोसाच्या डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवलं गेलं.

मदतीला म्हणून बहीण झोर्का झुरिचला आली. आणि इथे घराला दुसरा धक्का बसला. झोर्काचंच मानसिक स्वास्थ्य बिघडलं. १९१८ मध्ये तिला झुरिचच्या बुर्गहोल्त्सली या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं.

हे नाव लक्षात ठेवा. मिलेव्हाला पुढे आयुष्यभर याच इमारतीच्या फेऱ्या मारायच्या होत्या.

नोबेल मिळायच्या आधीच नोबेलची वाटणी

१४ फेब्रुवारी १९१९ रोजी घटस्फोट झाला. त्यात एक अट होती, जी आजही वाचली की नवल वाटतं. आईन्स्टाईनला पुढेमागे नोबेल मिळालं तर त्याची रक्कम मिलेव्हाच्या नावे ठेवायची. व्याज तिने वापरायचं, मुद्दलाला मात्र त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही.

१९२१ चं नोबेल त्याला १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. रक्कम होती सुमारे १ लाख २१ हजार स्वीडिश क्रोनर. त्या पैशांतून मिलेव्हाने झुरिचमध्ये घरं घ्यायला सुरुवात केली. १९२४ मध्ये हुटेनश्ट्रासवरचं ६२ नंबरचं घर घेतलं. पुढे आणखी दोन घेतली. एका ठिकाणी स्वतः राहायचं, बाकीच्या जागांचं भाडं खायचं, असा साधा हिशेब होता.

हिशेब चुकीचा नव्हता. मुलं मोठी होत होती. हान्स अल्बर्ट इंजिनिअर झाला. टेटे तर घरातला सगळ्यात तल्लख. लहान वयातच वाचायला शिकलेला, स्मरणशक्ती दांडगी, पियानो सुंदर वाजवायचा, कविता करायचा. १९२९ मध्ये तो झुरिच विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला लागला. त्याला मनोविकारतज्ज्ञ व्हायचं होतं. फ्रॉईडचा तो भक्त होता, खोलीत त्याचं चित्र लावलेलं असायचं.

मनाचा डॉक्टर होऊ पाहणाऱ्या या पोराचंच मन वर्षभरात घसरायला लागलं.

विशीत आलेलं वादळ

१९३० च्या आसपास एडुआर्ड बदलला. कॉलेजला जाणं बंद झालं, खोलीतून बाहेर येईना. वडिलांना लिहिलेल्या पत्रांत कधी टोकाचं कौतुक असायचं, तर कधी टोकाचा राग. तुमच्या सावलीने माझं आयुष्य झाकोळलं, असा त्याचा सूर असायचा. कधी सुन्न बसून राहायचा, कधी खवळायचा. तो स्वतःलाच काही करून घेईल अशी धास्ती घरात कायम होती. आणि घरात म्हणजे कोण, तर एकटी मिलेव्हा. तेव्हा ती ५५ वर्षांची होती.

स्किझोफ्रेनिया बहुतेकदा असाच येतो. पोरगं विशीच्या उंबरठ्यावर असतं, कॉलेजात असतं, घरच्यांनी स्वप्नं रंगवलेली असतात. सुरुवातीला वाटतं अभ्यासाचा ताण असेल, प्रेमभंग असेल, आळस असेल. आजार आहे हे कळेपर्यंत बराच काळ निघून जातो.

१९३२ च्या सुमारास एडुआर्डला पहिल्यांदा बुर्गहोल्त्सलीत दाखल केलं गेलं. निदान झालं, स्किझोफ्रेनिया.

योगायोग असा, की हा शब्द जगाला दिला तो याच रुग्णालयाने. इथले प्रमुख डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये तो पहिल्यांदा मांडला होता. कार्ल युंगने आपल्या कारकिर्दीची सुरुवात इथेच केली होती. म्हणजे एडुआर्ड त्या काळातल्या जगातल्या नावाजलेल्या ठिकाणी पोचला होता, तेही घरापासून जवळ. वडिलांचं नाव जगभर होतं. पैशांची सोय बऱ्यापैकी होती.

तरीही डॉक्टरांकडे या आजारावर औषध नव्हतं. स्किझोफ्रेनियावर चालणारं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, वापरात आलं १९५२ नंतर. मिलेव्हा त्याच्या चार वर्षं आधी गेली. तिच्या हयातीत जे होतं ते म्हणजे रुग्णालयात ठेवणं, इन्शुलिन देऊन बेशुद्ध करणं आणि १९३८ नंतर विजेचे झटके. एडुआर्डलाही झटके देण्यात आले. आज ही पद्धत भूल देऊन, काळजी घेऊन वापरतात आणि काही आजारांत ती उपयोगी पडते. तेव्हा ती बरीच ओबडधोबड होती. त्या उपचारांनी भावाची स्मरणशक्ती आणि बुद्धी मंदावली, असं हान्स अल्बर्टचं कायमचं मत झालं.

मग आईच्या वाट्याला काय आलं? ये-जा. तब्येत बिघडली की रुग्णालय, जरा सावरला की घर. घरी असला की तो बरा दिसतो म्हणून आशा, आणि पुन्हा बिघडला की पहिल्यापासून सुरुवात. मिलेव्हाने त्याला शक्य तितका काळ घरीच ठेवला. पियानो वाजवायला लावायचं, माणसांत बसवायचं, आणि तो उठला की आपणही उठायचं.

या आजारात आईवडिलांना सगळ्यात जास्त काय थकवत असेल, तर ती ही ये-जा. दुःख एकदाच आलं तर माणूस ते पचवतो. इथे ते दर काही महिन्यांनी नव्याने येतं, आणि मधल्या चांगल्या दिवसांतही कान दाराकडेच असतात.

दोष कुणाचा?

मुलाला मानसिक आजार झाला की घरात आणि गावात पहिला प्रश्न हाच येतो. कुणाकडून आलं हे?

आईन्स्टाईनचं उत्तर ठरलेलं होतं. आजार आईच्या घराण्यातून आला, असं तो मानायचा. मावशी झोर्का समोर होतीच. जगातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ असं म्हणतोय म्हटल्यावर त्या आईच्या मनाचं काय होत असेल याचा विचार करा.

आजचं विज्ञान काय सांगतं? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जवळच्या नात्यात आजार असेल तर धोका वाढतो. पण तो कुठल्या एका जनुकाचा खेळ नाही, आणि नात्यात आजार असलेल्या बहुतेकांना तो होतही नाही. शिवाय अंगातली जनुकं कुणी निवडून घेत नाही. त्यामुळे आनुवंशिक आहे म्हणजे आईची चूक आहे, असा अर्थ निघत नाही.

पण तेव्हा वारं उलटं होतं. ज्या १९४८ मध्ये मिलेव्हा गेली, त्याच वर्षी फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नावाजलेल्या मनोविश्लेषक बाईंनी आपल्या लेखात एक शब्द वापरला. त्याचा अर्थ साधारण असा, की मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई. थंड, हुकमत गाजवणारी आई असली की मुलाला हा आजार होतो, अशी ती कल्पना होती. पुढची दोन-तीन दशकं ही कल्पना डॉक्टरांमध्ये चालली आणि असंख्य आयांना तिचा जाच झाला. नंतर संशोधनात तिला काहीच आधार सापडला नाही, आणि ती सोडून देण्यात आली.

म्हणजे मिलेव्हासारख्या आईला दोन्हीकडून मार होता. रक्ताने दिलं म्हणा किंवा वागण्याने दिलं म्हणा, बोट आईकडेच.

बाप गेला, आई राहिली

मे १९३३ मध्ये आईन्स्टाईन झुरिचला येऊन एडुआर्डला भेटला. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता, आईन्स्टाईन ज्यू होता, त्याला परत जाणं शक्य नव्हतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेला पोचला आणि पुन्हा कधी युरोपात आला नाही. बाप-लेकाची ती शेवटची भेट ठरली. त्यानंतर आईन्स्टाईन २२ वर्षं जगला.

इथे आईन्स्टाईनला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण तो पैसे पाठवत राहिला, हेही खरं आहे. मुलाच्या आजाराने तो आतून हलला होता. त्याला या दुःखाच्या जवळ जाणं झेपलं नाही. आयुष्याच्या शेवटी त्याने आपल्या चरित्रकाराजवळ कबूल केलं, की एडुआर्डला पत्र लिहायला आपला हात धजत नाही आणि त्याचं कारण आपल्यालाही पुरतं उमगत नाही.

असं अनेक घरांत होतं. दोघांपैकी एकजण कामात बुडवून घेतो, लांब जातो, पैशांची बाजू सांभाळतो. दुसऱ्याला मग लांब जायची सोयच उरत नाही. तो दुसरा माणूस बहुतेक वेळा आई असते.

मिलेव्हाभोवतीची माणसं एकेक करून कमी झाली. वडील १९२२ मध्येच गेले होते. भाऊ मिलोश महायुद्धात रशियाच्या कैदेत सापडला आणि पुढे तिथेच प्राध्यापक म्हणून राहिला. १९३५ मध्ये आई गेली. आजारी झोर्का नोवी सादमध्ये एकटी उरली आणि १९३८ मध्ये तीही वारली. त्याच वर्षी हान्स अल्बर्ट बायकामुलांसह अमेरिकेला गेला. तिथे पोचल्यावर काही महिन्यांतच त्याचा सहा वर्षांचा मुलगा क्लाउस घटसर्पाने दगावला. आजीला नातवाची बातमी समुद्रापलीकडून कळली.

झुरिचच्या घरात आता दोनच माणसं राहिली होती, मिलेव्हा आणि टेटे.

एकेक घर विकलं गेलं

मनोरुग्णालयाचा खर्च एकदाचा नसतो, तो वर्षानुवर्षं चालतो. व्याज पुरेना, भाडं पुरेना. तीसच्या दशकाच्या शेवटी मिलेव्हाला दोन घरं विकावी लागली. हुटेनश्ट्रासचं तेवढं राहिलं. तेही हातचं जाऊ नये म्हणून १९३९ मध्ये तिने ते आईन्स्टाईनच्या ताब्यात दिलं आणि कारभार आपल्याकडे ठेवला. १९४७ मध्ये अखेर तेही विकलं गेलं.

नोबेलच्या पैशांची गोष्ट अशी संपली. त्या पैशांचं काय झालं याबद्दल इंटरनेटवर बरंच काही वाचायला मिळतं. खरं उत्तर साधं आहे, त्यातला मोठा भाग एका आजारी मुलाच्या उपचारात गेला.

शेवटच्या काळात पैशांवरून तिचे आणि आईन्स्टाईनचे खटके उडाले. घर विकून आलेली रक्कम एडुआर्डसाठी बाजूला काढून कायदेशीर पालकाच्या हाती द्यावी, असं आईन्स्टाईनचं म्हणणं होतं. मिलेव्हा पैसे सोडायला तयार नव्हती. ती गेल्यावर तिच्या बिछान्यात लपवलेली मोठी रक्कम सापडली, असं तिचे चरित्रकार सांगतात.

लोकांना हा म्हातारपणीचा विक्षिप्तपणा वाटू शकतो. पण अशा घरातल्या आईबापांना विचारा. बँकेत किती, कपाटात किती, मी गेल्यावर याला किती दिवस पुरतील, हा हिशेब त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस चालू असतो. आमच्यामागे याचं काय, या प्रश्नाला उत्तर नसलं की माणूस पैसा मुठीत घट्ट धरून बसतो.

शेवट

१९४८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला घरात एडुआर्डचा आजार पुन्हा उसळला आणि त्या धक्क्यात ७२ वर्षांची मिलेव्हा कोसळली. तिला पक्षाघाताचा झटका आला होता. तिला दवाखान्यात हलवलं गेलं. तिथेच ४ ऑगस्ट १९४८ रोजी ती वारली. एक मुलगा अमेरिकेत होता, दुसरा मनोरुग्णालयात. झुरिचच्या नॉर्डहाइम दफनभूमीत तिला पुरलं. पुढे कित्येक वर्षं तिच्या कबरीची नेमकी जागाही विस्मृतीत गेली होती. तिथे तिची आठवण सांगणारा दगड बसवला गेला तो थेट एकविसाव्या शतकात.

आणि टेटेचं काय झालं?

ज्या गोष्टीची तिला भीती होती, ती अर्धी खरी झाली आणि अर्धी खोटी. एडुआर्डसाठी कायदेशीर पालक नेमला गेला. मधला काही काळ तो रुग्णालयाबाहेर एका कुटुंबात राहिला. उपाशी पडला नाही, रस्त्यावर आला नाही. पण त्याचं म्हणावं असं कुणी उरलं नाही. बरीच वर्षं बुर्गहोल्त्सलीत काढून २५ ऑक्टोबर १९६५ रोजी, ५५ व्या वर्षी, तो तिथेच वारला. आई गेल्यावर तो १७ वर्षं जगला.

मिलेव्हाला काय मिळायला हवं होतं?

तिच्याकडे हुशारी होती, चिकाटी होती, सुरुवातीला पैसाही होता. नव्हतं ते हे, की तिच्या स्वतःच्या तब्येतीची कुणी विचारपूस करावी. डॉक्टर विचारायचे एडुआर्डबद्दल. पत्रं यायची एडुआर्डबद्दल. १९१६ मध्ये जी बाई स्वतः कोसळली होती, तिच्यावर पुढे १८ वर्षं एकटीने हा भार टाकला गेला. बारा-चौदा तासांच्या पाळीला जो माणूस ठेवतो त्यालाही सुट्टी असते. तिला नव्हती.

आज यात बराच फरक पडला आहे. औषधं आहेत. घरच्यांना आजार नीट समजावून सांगितला, त्यांना आधार दिला, तर रुग्णाचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं हे संशोधनातून दिसलं आहे. म्हणजे आईवडिलांनी स्वतःकडे पाहणं हा स्वार्थ नाही, तो उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन म्हणजे ‘सा’ ही संस्था रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट चालवते. अशा गटात आल्यावर अनेकांना पहिल्यांदा कळतं, की हे फक्त आपल्याच घरात नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि तिथे रुग्णाच्या आईनेही स्वतःसाठी फोन करायला हरकत नसते.

आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही, त्यांनाही एक काम करता येतं. आपल्या नात्यात, सोसायटीत, ऑफिसात असे आईवडील असतातच. आपण भेटलो की त्यांना विचारतो, मुलगा कसा आहे? ते ठीक आहे म्हणतात आणि विषय संपतो.

पुढच्या वेळी त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारून बघा. तुम्ही कशा आहात, झोप होते का? आणि जमलं तर एखादी दुपार त्यांच्या मुलापाशी जाऊन बसा, म्हणजे त्यांना तेवढा वेळ घराबाहेर पडता येईल.